कट्ट्याचा कार्पेट एरिया

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि पुनर्विकास समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोथरूडमधली, १९८४ साली बांधलेली, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, अंगणात बकुळ, एवढं वर्णन केलं की निदान पन्नास समित्यांना हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटेल. वाटू दे.

आधी एक खुलासा, म्हणजे पुढचं वाचताना कुणाच्या कपाळावर आठ्या यायला नकोत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालच्या विशेष सभेत, निबंधक कार्यालयातून आलेल्या अधिकाऱ्यांसमोर आणि चालू कॅमेऱ्यासमोर मी हात वर केला होता. रेकॉर्डिंगमध्ये दिसेन, निळी साडी. नियमाला ५१ टक्के पुरतात, आपले २४ पैकी २२ झाले, त्यातली मी एक. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. ५४ पायऱ्या. पूर्वी त्या मी मोजत नसे, आता गुडघे मोजतात. तेव्हा लिफ्ट हवी, नव्या पाइपलाइन हव्यात, गळकी गच्ची डोक्यावरून एकदाची जायला हवी, हे सगळं मला तुमच्याइतकंच हवं आहे.

पण परवा बसून यादी काढली. गेल्या दीड वर्षात आपण बिल्डरशी काय काय बोललो? कार्पेट एरिया, कॉर्पस (म्हणजे बिल्डरने सभासदांना द्यायचा निधी), भाडं, ब्रोकरेज, शिफ्टिंग, बँक गॅरंटी, पार्किंग. (मधले दोन महिने ‘पीएमसी’ म्हणजे महापालिका की प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, यातच निम्मे सभासद अडकले होते, ते सोडा.) समितीने हे सगळं चोख केलं. सचिवांनी पदरचं पेट्रोल जाळून नऊ सोसायट्या पालथ्या घातल्या, त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. मात्र त्या नव्या इमारतीत आपण राहणार कसे, हे दीड वर्षात कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मला ते सुचलं बिल्डरच्या सादरीकरणात. आठवतंय ना, एसी हॉल, बटाटेवडे आणि मोठ्या पडद्यावरची ती फिल्म? अकरा मजले, गच्चीवर तरणतलाव, जिम, योगा डेक, क्लब हाऊस. एक बाई बाल्कनीत कॉफी पितेय, एक गृहस्थ ट्रेडमिलवर धावतायत, एक मुलगी मावळतीकडे बघतेय. मास्तरकीची सवय जात नाही, मी हजेरी घेतली. त्या फिल्ममध्ये नऊ माणसं होती आणि नऊही एकेकटी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेवटी पडद्यावर अक्षरं आली, ‘सुखाचा नवा पत्ता’. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, वडे चांगले होते.

एकतीस वर्षं मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरच्यांना शब्द दिला होता की आता कुणाला लेक्चर देणार नाही. तो आज मोडते.

माणसं आयुष्याबद्दल समाधानी कशाने होतात, हा विषय दरवर्षी फेब्रुवारीत यायचा, परीक्षेच्या तोंडावर. त्यात एक प्रयोग हमखास सांगायचे. १९९८ साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन यांनी अमेरिकेतल्या दोन भागांतल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? एक गट कॅलिफोर्नियातला, जिथे बारा महिने छान ऊन. दुसरा मध्य-पश्चिमेतला, जिथे हिवाळ्यात हाडं गोठतात. दोन्ही गटांचं समाधान जवळपास सारखंच निघालं. मग विचारलं, तुमच्यासारखाच एखादा विद्यार्थी तिकडे राहत असेल तर तो किती समाधानी असेल? तेव्हा दोन्हीकडच्यांनी सांगितलं की कॅलिफोर्नियातला जास्त सुखी असणार. दोन गावांची तुलना करायला बसलं की हवा डोळ्यांपुढे येते. राहायला लागलं की हवेकडे बघायला वेळ कुणाला असतो? तिथेही परीक्षा असते, सर्दी असते, रूममेटचं घोरणं असतं.

आपल्या त्या पडद्यावर हवाच तर दाखवत होते. योगा डेककडे बघत असताना योगा डेक फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरा अभ्यास तर थेट आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. २००३ साली प्रसिद्ध झाला. तिकडच्या एका विद्यापीठात पहिलं वर्ष संपताना वसतिगृहं चिठ्ठ्या टाकून वाटतात. चिठ्ठी निघण्याआधी मुलांना विचारलं, अमुक वसतिगृह मिळालं तर किती सुखी व्हाल, तमुक मिळालं तर किती? उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक. चांगलं मिळालं तर स्वर्ग, नाहीतर वर्ष फुकट. नंतर प्रत्यक्षात राहत असताना विचारलं, तर ‘चांगल्या’तले आणि ‘वाईटा’तले साधारण सारखेच सुखी. चूक कुठे झाली? अंदाज बांधताना पोरांनी इमारत कुठे आहे, खोल्या केवढ्या आहेत, हे धरलं. सोबत कशी आहे, हे फारसं हिशेबातच घेतलं नाही. आणि सुखाशी संबंध निघाला तो सोबतीचाच.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे ताईंच्या मते मोठं घर हा सगळा भ्रम. तसं नाही. जर्मनीत एक पाहणी चालते, त्याच त्या कुटुंबांना दरवर्षी प्रश्न विचारतात. ती १९८४ साली सुरू झाली, आपल्या सोसायटीच्याच वयाची. त्यातले जे लोक जास्त चांगल्या घरात राहायला गेले, त्यांचं पुढे काय झालं, हे २०११ साली तपासलं गेलं. घराबद्दलचं समाधान वाढलं आणि वाढलेलंच राहिलं. आयुष्याबद्दलचं समाधान मात्र होतं तिथेच. यातला बारकावा बघा. नव्या किचन ट्रॉल्या तुम्हाला पाच वर्षांनीही आवडत असतील. कुणी फसवलेलं नसेल. फक्त संध्याकाळी साडेसहाला एकटं वाटतं, त्यावर ट्रॉल्यांचा काही इलाज नसेल.

आता माझ्याच विरुद्धचा पुरावा, कारण तो लपवला तर एकतीस वर्षं फुकट.

माझ्या सासूबाई सदाशिव पेठेतल्या वाड्यातून इथे आल्या. वाड्यात अकरा बिऱ्हाडं, चौकात एक नळ, मागे चार संडास. वाड्याबद्दल हळवं होऊन लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, हे माझं निरीक्षण. त्यांना चौकातला गणपती आणि पत्त्यांचा डाव आठवतो, पहाटे साडेचारला नळाखाली लावलेली घागर आठवत नाही. सासूबाई या घरात एकोणीस वर्षं राहिल्या. एकोणीस वर्षं, रोज सकाळी, स्वयंपाकघरातला नळ सोडला की त्या क्षणभर थांबून धारेकडे बघत. कधीकधी नुसत्या हसत. माणसाला सगळ्याची सवय होते असं वर्गात शिकवून मी घरी यायचे आणि माझा सिद्धांत नळापाशी उभा असायचा.

तेव्हा माझं मत असं झालं आहे की रोजची टोचणी गेली तर ते सुख टिकतं. आधीच बऱ्या असलेल्या गोष्टीवर आणखी एक थर चढवला तर तो थर महिन्या-दोन महिन्यांत दिसेनासा होतो. हे मी कुठल्या जर्नलमध्ये छापून आणलेलं नाही, घरातल्या नळावर बेतलेलं आहे. म्हणून लिफ्टला माझं मत आहे आणि तरणतलावाला नाही. आपल्या २४ घरांत मिळून पोहता येणारे किती, हे समितीने एकदा विचारावं. पाणी टँकरने आणायचं आहे, हेही त्याच वेळी सांगावं.

उलट बाजूने बघा. काही गोष्टींची सवय होतच नाही, आणि त्यात आवाज पहिला. अमेरिकेत एका वस्तीजवळून नवा हायवे गेला. रहिवाशांना चार महिन्यांनी विचारलं, पुन्हा सोळा महिन्यांनी विचारलं. १९८२ साली निष्कर्ष छापून आले: त्रास तसूभर कमी झाला नव्हता, आणि आता सवय होईल ही आशाही लोकांनी सोडत आणली होती. हे अशासाठी लिहिलं की नकाशात पझल पार्किंगची, म्हणजे गाड्या वर-खाली सरकवणाऱ्या यंत्राची, मोटर आणि जनरेटर दोन्ही बी विंगच्या बाजूला, पहिल्या मजल्याच्या बेडरूमखाली आहेत. रात्री अकराला कुणीतरी गाडी लावणार, पहाटे पाचला कुणीतरी विमानतळाला निघणार. लॉबीत इटालियन मार्बल आहे की कोटा, हे तिसऱ्या महिन्यात कुणी बघणार नाही. ती मोटर मात्र दहाव्या वर्षीही ऐकू येईल. मार्बल सोडा आणि त्या पैशात मोटर हलवून मागा, अशी माझी लेखी सूचना समजावी.

सात चौरस फुटांबद्दलही लिहायला हवं. सप्टेंबरच्या सभेत ए विंगला बी विंगपेक्षा सात चौरस फूट जास्त मिळतात, यावरून पावणेदोन तास गेले. दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलंय, अजून सुरू केलेलं नाही. सात चौरस फूट म्हणजे साधारण एक शिलाई मशीन ठेवायची जागा. मला हसू आलं, पण नवल वाटलं नाही. १९९८ सालीच हार्वर्डमध्ये लोकांना विचारलं होतं: तुम्हाला वर्षाला ५० हजार डॉलर आणि बाकीच्यांना २५ हजार, की तुम्हाला एक लाख आणि बाकीच्यांना दोन लाख? वस्तूंचे भाव दोन्हीकडे तेच. जवळजवळ निम्म्यांनी पहिला पर्याय निवडला. कमी चालेल, पण शेजाऱ्यापेक्षा जास्त हवं. आमच्या विषयात यालाच शास्त्र म्हणतात आणि पेठेत स्वभाव.

यात पुढे एक अडचण आहे आणि ती मी प्रामाणिकपणे मांडते. नव्या इमारतीत वरचे पाच मजले विक्रीचे. तिथे येणारी मंडळी आपल्यापेक्षा बरीच कमावती असणार. शेजाऱ्यांची कमाई जास्त असेल तर माणूस स्वतःला कमी सुखी म्हणवतो, असं २००५ सालच्या एका अभ्यासात दिसलं. इतकंच नाही, जे शेजाऱ्यांमध्ये जास्त मिसळतात त्यांना हे जास्त जाणवतं, असंही त्यातच आहे. म्हणजे मी पुढे जे मागणार आहे, त्याचीच ही किंमत. बिल्डरच्या आर्किटेक्टने यावर उपाय काढलाच आहे: जुन्या सभासदांची लॉबी मागच्या बाजूला, नव्यांची पुढे. एकमेकांचं तोंड दिसायला नको. मला हा उपाय नको. कुणाची गाडी मोठी हे बघून माझं दोन दिवस पोट दुखेल, ते मी सोसेन. मागच्या दाराने घरात शिरणं रोज सोसायचं, ते जमणार नाही.

आता मूळ मुद्दा.

१९५० साली लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. एमआयटीतल्या (आपल्या कोथरूडच्या नव्हे, अमेरिकेतल्या) विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या घरांत कुणाची कुणाशी मैत्री झाली, हे त्यांनी दारोदार जाऊन विचारलं. दोन मजली इमारती, मजल्यावर पाच-पाच घरं, कुणाला कुठलं मिळेल ते रांगेतल्या नंबरावर. जवळच्या मैत्रीत नाव आलं ते शेजारच्या दाराचं ४१ टक्के वेळा, एक दार सोडून असलेल्याचं २२ टक्के, मजल्याच्या दुसऱ्या टोकाचं १०. अंतर किती, तर काही पावलं. आणखी एक गंमत अशी की ज्यांची घरं जिन्याच्या तोंडाशी किंवा टपालपेट्यांजवळ होती, त्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही गट्टी जमली. ती माणसं काही स्वभावाने जास्त गोड नव्हती. फक्त तिथून सगळे जात-येत होते.

माझ्या बाबतीत हा जिना काय करून गेला, ते लिहिते. लिहावं की नाही यावर चार दिवस घालवले.

२०१७ साली हे गेले. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी चुलतजावेने मोठी पातेली परत नेली आणि घर रिकामं झालं. मुलगी पिंपळे सौदागरला असते, म्हणजे पुण्याच्या वाहतुकीत परदेशातच. (२०१८ साली राहण्यास सुलभ म्हणून केंद्र सरकारच्या यादीत पुणं १११ शहरांत पहिलं आलं होतं. तेव्हाही कर्वे पुतळ्यापाशी हीच रांग होती.) मी दार लावून बसायला लागले. किती दिवस, ते आठवत नाही. एका सकाळी समोरच्या वहिनींनी कडी वाजवली. म्हणाल्या, “गिरणीत चाललेय, डबा द्या.” मी म्हटलं, दळण काढलेलं नाही. “मग काढा, मी थांबते.” आणि खरंच त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. आत येऊन बसल्या नाहीत. कसं वाटतंय विचारलं नाही. मी गहू चाळले, चार मुठी ज्वारी वेगळी बांधली, डबा दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा कडी. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी आधीच दळण काढून ठेवलं होतं.

त्या दिवसांत मला समुपदेशनाचे बरेच सल्ले मिळाले, त्यातले दोन माझ्याच विद्यार्थिनींकडून. सल्ले चुकीचे नव्हते. पण मला उठवलं त्या डब्याने.

नवीन नकाशात हे कुठे घडेल, ते मी शोधत होते. गेटमधून गाडी पोडियमवर, म्हणजे वरच्या पार्किंगच्या मजल्यावर, पोडियमवरून लिफ्टने थेट आपला मजला, मजल्यावर चार दारं, चारही आगरोधक आणि आवाजरोधक, बाहेर व्हिडिओ डोअरफोन. जिना आहे, पण तो आगीच्या वेळचा, झडपेच्या दारामागे. भेटण्यासाठी क्लब हाऊस आहे, अकराव्या मजल्यावर, ॲपवर बुकिंग करून. आता मला सांगा, समोरच्या वहिनी माझा डबा मागायला क्लब हाऊस बुक करतील का? मुद्दाम जाऊन भेटायची जागा वेगळी, आणि जाता-येता गाठ पडते ती जागा वेगळी. बिल्डरने पहिली फुकट देऊ केली आहे आणि दुसरी गुपचूप काढून घेतली आहे. त्याचा दोष नाही. ती करारात लिहिलेलीच नव्हती.

म्हणून करारावर सह्या होण्याआधी ती लिहून घ्या. बकुळीभोवतीचा कट्टा गेटच्या आत, सगळ्यांच्या वाटेवर राहू द्या. बकूळ पार्किंगच्या आड येते असं आर्किटेक्ट म्हणतात. पार्किंग बकुळीच्या आड येतं असं आपणही म्हणू शकतो. कट्ट्याला पाठ असावी, आजोबांना टेकता आलं पाहिजे, आणि वर सावली. लॉबी सगळ्यांची एकच, आणि पोडियमवरून येणाऱ्या लिफ्टनेही तळमजल्यावर दार उघडावं, तिथेच टपालपेट्या आणि दुधाच्या पिशव्या ठेवायची फळी. फ्लॅटवाटप कॉम्प्युटरने चिठ्ठ्या काढून करायचं ठरलंय, त्यात ज्यांना एकाच मजल्यावर राहायचं आहे त्यांना जोडीने किंवा चौघांनी मिळून एक चिठ्ठी टाकायची मुभा द्या. याला बिल्डरचा एक रुपया खर्च नाही. मी वहिनींना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, “मला कुठलाही मजला चालेल, दार समोर हवं.”

आणि मधली तीन वर्षं. भाडं मिळेल, पण आपण पांगणार. कुणी वारज्याला, कुणी बावधनला, कुणी मुलाकडे वाकडला. समितीच्या टाइमलाइनमध्ये हा काळ ‘बांधकाम कालावधी’ म्हणून एका ओळीत आहे. ए विंगचे आजोबा ९१ वर्षांचे आहेत. मी स्वतः ६८. आपल्यातल्या काहींसाठी तो बांधकाम कालावधी हेच उरलेलं आयुष्य आहे, आणि तो अनोळखी जिन्यात जाणार आहे. तेव्हा महिन्यातला एक रविवार ठरवा, सकाळी साडेनऊ, कुठल्याही बागेत, नाहीतर अमृततुल्यवर. ज्यांना गाडी नाही त्यांना कुणी आणायचं, याची यादी आत्ताच करू. ती मी करते, मला याद्यांची सवय आहे. सात चौरस फुटांवरून न बोलणारे दोघे एकाच गाडीत बसतील अशी यादी करीन.

पुढच्या रविवारच्या सभेत हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात ढकलू नये. तोपर्यंत निम्मे लोक जेवायला गेलेले असतात. क्रमांक दोनवर घ्यावा, कॉर्पसच्या आधी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बी विंग, तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडचं दार

ता. क. ऑफिसातल्या नकाशाच्या प्रतीवर गेटच्या उजव्या हाताला पेन्सिलीने एक गोल काढलेला आहे. तो चहाच्या कपाचा डाग नाही. आर्किटेक्टना दाखवल्याशिवाय खोडू नये.